कमी पेट्रोल, कमी धूर : गाडी, ईव्ही आणि रोजच्या प्रवासाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतले लोक, सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले मित्र, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक पुण्या-मुंबईकडची आहेत पण हिशोब नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर कुठेही लागू पडेल. पेट्रोलचा भाव मी सगळीकडे १०४ रुपये धरलाय, तुमच्याकडे जो असेल तो घालून बघा.

माझी पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे, चांगली चालते. विकून ईव्ही (विजेवरची गाडी) घेऊ का?

रनिंग किती आहे ते आधी सांगा. महिन्याला ३००-४०० किमी चालत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की घाई करू नका, नवीन गाडी बनवायलाही स्टील, ॲल्युमिनियम, बॅटरी, वीज असं सगळं लागतं आणि तो धूर तुमच्या दारात गाडी येण्याआधीच निघून गेलेला असतो, आणि तुमची जुनी गाडी काही भंगारात जात नाही, दुसरं कोणीतरी ती चालवतच राहतं. एवढ्या कमी रनिंगमध्ये नवीन गाडीचा खर्चही भरून निघायला फार वर्षं जातात. त्यापेक्षा आहे तीच गाडी नीट चालवा, तिच्या छोट्या छोट्या फेऱ्या कमी करा, त्याने उद्यापासून फरक पडतो आणि पैसेही लागत नाहीत.

महिन्याला हजार-बाराशे किमीच्या वर रनिंग आहे, घरी किंवा सोसायटीत चार्जिंगची सोय होऊ शकते, तर मात्र ईव्हीचा विचार जरूर करा.

कंपनी २० चं ॲव्हरेज सांगते, मला १४ च का मिळतं?

कारण तो २० चा आकडा रस्त्यावरचा नाहीच. ती टेस्ट लॅबमध्ये रोलरवर गाडी चढवून होते, आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे तिथे असल्या टेस्ट होतात, म्हणूनच त्याला एआरएआय मायलेज म्हणतात. ठरलेल्या पद्धतीने स्पीड वाढवायचा, कमी करायचा, एसी बंद, चढ नाही, खड्डे नाहीत, मागून हॉर्न मारणारा कोणी नाही. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, स्वतःच्या खिशाचा हिशोब करायला नाही. साधारण २५-३० टक्के कमी धरून चाला.

आणि डॅशबोर्डवर जे ॲव्हरेज दिसतं तेही थोडं जास्तच दाखवतं बऱ्याचदा. खरं बघायचं तर फुल टू फुल करा: टाकी फुल (नोझल पहिल्यांदा कट होईल तिथे थांबा, वर गळ्यापर्यंत भरू नका), ट्रिप मीटर शून्य, नेहमीसारखी गाडी चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा आणि झालेले किमी भागिले भरलेले लिटर. ४२० किमी झाले आणि २८ लिटर गेलं तर ॲव्हरेज १५. असं सलग दोन-तीन टाक्या केलं की खरा आकडा कळतो.

टायरच्या हवेने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

टायर मऊ झाला की रस्त्याला जास्त घासतो, इंजिनला तेवढंच जास्त ओढावं लागतं. आणि हवा हळूहळू उतरते, पंक्चर नसलं तरी महिन्याला एखाद-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातेच, त्यामुळे तीन-चार महिने कोणी बघितलंच नाही तर टायर सहज पाच-सहा पीएसआयने खाली असतो आणि डोळ्यांना अजिबात कळत नाही, ट्यूबलेसमध्ये तर नाहीच. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबाच्या कडेला एक स्टिकर असतो, त्यावर पुढे किती, मागे किती, फुल लोड असेल तर किती सगळं लिहिलेलं असतं. तो आकडा थंड टायरचा असतो. म्हणजे सकाळी घरून निघून जवळच्या पंपावर गेलात तर ठीक, पण एक्स्प्रेसवेवरून तासभर पळवून आल्यावर चेक केलं तर हवा गरम होऊन तीन-चार पीएसआय जास्तच दाखवणार, आणि मग हवा भरणारा ती काढून टाकतो, सकाळी टायर पुन्हा मऊ.

अजून एक, पंपावर गेलात की तो पोरगा विचारतो "साहेब किती मारू, पस्तीस?" आणि आपण मान हलवतो. तसं करू नका, आकडा आपण सांगायचा. स्टेपनी विसरू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, महत्त्वाचं काय तर प्रेशर बरोबर असणं. पंधरा दिवसांतून एकदा बघितलं तरी पुरे.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही! हे जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे आणि ते अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाय, चाकं इंजिनला फिरवतायत, अशा वेळी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलचा पुरवठा जवळपास बंदच करतो. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवायला पेट्रोल जळतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, शिवाय इंजिन ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पकड जाते. खंबाटकी असो, बोरघाट असो की आंबा घाट, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

ईव्हीत तर उतार म्हणजे कमाई असते, रीजनमुळे मोटर जनरेटरसारखी चालते आणि थोडा चार्ज परत मिळतो. खोपोलीहून लोणावळ्याकडे चढताना टक्के भराभर खाली जातात आणि लोक घाबरतात, उतरताना त्यातला काही भाग परत येतो पण सगळा नाही, हे लक्षात ठेवून प्लॅन करा.

एसी लावू की काचा खाली करू? सिग्नलला बंद करू का?

शहरात ४० च्या खाली असाल तर काचा खाली, हायवेला ८० च्या वर असाल तर काचा बंद आणि एसी. गाडी उन्हात तापली असेल तर आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

सिग्नलचा काउंटर २०-३० सेकंदांच्या वर दिसत असेल तर इंजिन बंद करा. छोटी गाडी नुसती उभी राहूनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. शाळेच्या गेटबाहेर पोरांची वाट बघत एसी लावून उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल मला खूप कळकळीने सांगावंसं वाटतं की तो धूर बरोबर मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. कृपया बंद करा.

बाकी नेहमीचं: दणकन ॲक्सिलरेटर आणि कचकन ब्रेक नको, हाफ क्लचवर गाडी तोलू नका, पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढा, डिकीत कायम पडलेलं सामान घरी ठेवा, कॅरियर लागत नसेल तेव्हा काढून ठेवा. १०० ऐवजी ८० ने गेलात तर हायवेला ॲव्हरेजमध्ये जेवढा फरक दिसतो तेवढा कुठल्याच महागड्या पेट्रोलने किंवा ॲडिटिव्हने दिसत नाही.

ई२० पेट्रोलने ॲव्हरेज कमी झालं, हे खरं आहे का?

थोडं होतंच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, त्यामुळे काही टक्क्यांचा फरक पडणं साहजिक आहे. पण ॲव्हरेज एकदम २५ टक्के पडलं असेल तर दोष ई२० चा नाही, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक जॅम आणि टायर बघून घ्या. गाडी जुनी असेल तर मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत कुठलं इंधन चालतं ते लिहिलेलं असतं, रबरी पाइप आणि सील सर्व्हिसिंगला दाखवा.

नवीन गाडी घ्यायचीच आहे. सीएनजी, हायब्रिड की ईव्ही?

तुमचं रनिंग आणि पार्किंग यावर सगळं आहे.

घरी चार्जिंग आहे, रोजचं जाणं-येणं ठरलेलं आहे, शहरात जास्त फिरणं आहे: ईव्ही. दुसरा विचार नको.

चार्जिंगची सोय अजिबात होत नाही, भाड्याच्या घरात राहता, रोज ट्रॅफिकमध्ये अडकता: स्ट्राँग हायब्रिड. यात छोटी बॅटरी आणि मोटर असते, गाडी ब्रेक लावताना स्वतःच चार्ज होते, कमी स्पीडला बराच वेळ इंजिन बंदच असतं. म्हणून गंमत अशी की ही गाडी हायवेपेक्षा ट्रॅफिकमध्ये जास्त फायदा देते. फक्त माइल्ड हायब्रिड वेगळं आणि स्ट्राँग हायब्रिड वेगळं, शोरूममध्ये दोन्हीला नुसतं हायब्रिड म्हणतात, नीट विचारून घ्या. माइल्डमध्ये गाडी फक्त बॅटरीवर चालत नाही.

बजेट कमी, रनिंग जास्त: सीएनजी. किलोला २५ किमी धरले तर खर्च पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास येतो आणि धूरही कमी. पण डिकी जाते, पंपावर रांग असते आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते. फिटिंग कंपनीचंच घ्या.

मोठी एसयूव्ही ईव्ही घेतली की पर्यावरणाचं झालं, असंही नसतं. दोन टनांची गाडी एकटा माणूस ऑफिसला नेणार असेल तर छोटी गाडी कधीही बरी.

पण वीज कोळशाचीच ना? मग ईव्हीने धूर फक्त चंद्रपूरला नेला!

प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो. आपल्या देशात एक युनिट वीज बनवताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ईव्ही प्लगपासून धरली तर युनिटला साधारण साडेसहा किमी जाते, म्हणजे किमीला १०८ ग्रॅमच्या आसपास. पेट्रोलचं एक लिटर जळलं की २.३ किलो निघतो, १५ चं ॲव्हरेज असेल तर किमीला १५३ ग्रॅम, आणि यात तेल काढणं, जहाज, रिफायनरी, टँकर काहीच धरलेलं नाही. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरही ईव्ही पुढेच आहे, फक्त शून्य नाही. बॅटरी बनवतानाचा धूरही आहे, तो भरून निघायला गाडी भरपूर चालावी लागते, म्हणूनच वर रनिंगचं विचारलं.

पेट्रोल गाडी जुनी होत जाते तशी खराब होत जाते, ईव्हीचं उलट आहे, ग्रिडमध्ये सोलर-पवन वाढले की तीच गाडी स्वच्छ होते. आणि गच्चीवर सोलर असेल तर मग प्रश्नच नाही. एक किलोवॉट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे रोजचे पंचवीसेक किमी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

शिवाय शहराच्या श्वासाचा मुद्दा उरतोच. स्वारगेटला किंवा सायनला सिग्नलवर दिवसभर उभा असलेला ट्रॅफिक पोलीस जो धूर घेतो तो ईव्हीतून निघत नाही.

ईव्हीचा खर्च खरंच किमीला एक रुपया?

जाहिरातीतला एक रुपया विसरा. पेट्रोलला १५ चं ॲव्हरेज असेल तर किमीला ७ रुपये जातात. ईव्हीला घरी १० रुपये युनिट पडलं तर दीड रुपया, रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये युनिट पडलं तर साडेतीनच्या आसपास. तरी निम्माच.

पण महावितरणचे स्लॅब लोक विसरतात. महिन्याला १००० किमी म्हणजे दीडशेच्या वर युनिट वाढणार, घरचं बिल आधीच २०० युनिटचं असेल तर तुम्ही ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये गेलात आणि तिथलं युनिट बरंच महाग आहे. म्हणून ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या, त्याचा दर वेगळा असतो. अर्ज करायच्या आधी दोन्ही दरांनी स्वतःच्या बिलाचा हिशोब करून बघा.

सोसायटी चार्जरला परवानगी देत नाही, काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न! आधी हे लक्षात घ्या की घरी स्वतःची गाडी चार्ज करायला कुठलं लायसन्स लागत नाही, आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरी-ऑफिसात खाजगी चार्जिंगला परवानगी आहे असं स्पष्ट लिहिलंय. पण कागद दाखवून भांडायला जाऊ नका, कमिटीला खरोखर दोन-तीनच भीती असतात आणि त्यांची उत्तरं घेऊन जा.

"कॉमन बिलात वीज जाईल": नाही, माझं स्वतःचं मीटर असेल. "लोड वाढेल, ट्रान्सफॉर्मर उडेल": ३.३ किलोवॉटचं चार्जिंग म्हणजे दोन गिझरपेक्षाही कमी लोड, आणि मी रात्री अकरानंतर लावीन. "आग लागेल": मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत चांगल्या जाडीची तांब्याची केबल पाइपातून, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आणि त्याचं सर्टिफिकेट कमिटीच्या फाइलला.

असा लेखी अर्ज, सोबत केबल कुठून जाणार त्याचा साधा नकाशा, आणि शक्य असेल तर अजून दोन-तीन मेंबरच्या सह्या. एकट्याचा अर्ज पडून राहतो, चौघांचा मीटिंगच्या अजेंड्यावर येतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून चार्ज करणं मात्र कोणीही, कधीही करू नये, तिथेच खऱ्या आगी लागतात.

कार परवडत नाही. मी काय करू?

मग तर तुमचं काम सोपं आहे. आपल्याकडे गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या दुचाक्यांचीच, आणि ई-स्कूटरचा हिशोब कारपेक्षाही चांगला बसतो. युनिटला ३० किमीच्या आसपास जाते, म्हणजे किमीला तीस-चाळीस पैसे, ॲक्टिव्हाला तेच सव्वादोन-अडीच रुपये. साधा १५ अँपिअरचा पॉइंट पुरतो. २०२२ मध्ये काही ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीचे एआयएस-१५६ चे नियम कडक केले, तेव्हा घेताना बॅटरी या नवीन नियमांची आहे का ते विचारा, आणि स्वस्तातला लोकल चार्जर कधीच लावू नका.

पावसाचं पाणी तुंबलं तर ईव्हीत शॉक बसेल का?

बॅटरी पॅक सील असतो, बहुतेकांना आयपी६७ (धूळ-पाणी आत जात नाही असं) रेटिंग असतं, गडबड झाली की हाय व्होल्टेज लाइन आपोआप तुटते. पण म्हणून तुंबलेल्या पाण्यात घालायची नाही, पेट्रोल गाडीही घालायची नसते. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चार्जिंगला लावू नका, चालू करू नका, टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.

बॅटरी आठ वर्षांनी फेकावी लागते म्हणे?

आठ वर्षं ही बहुतेक कंपन्यांची वॉरंटी आहे, ती बॅटरीची शेवटची तारीख नव्हे. क्षमता हळूहळू कमी होते. रोज फास्ट चार्जर टाळा, गाडी शून्याला आणून दिवसेंदिवस ठेवू नका, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी असेल तर रोज ८०-९० पर्यंतच चार्ज करा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) असेल तर कंपनी सांगते तसं मधूनमधून १०० करा.

सरकारकडून काय मिळतं?

ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे, २०१९ पासून. छोट्या पेट्रोल गाड्यांचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला, त्यामुळे किमतीतला फरक थोडा वाढलाय हे खरं. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी या तिन्हीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. दर आठवड्याला पुणे-मुंबई करणाऱ्याला ही रक्कम वर्षाला चांगलीच होते. फास्टॅगमधून तरीही पैसे कटले तर मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवून लगेच तक्रार टाका.

ऑफिसला बसने जायला तयार आहे, पण स्टॉपपर्यंत कसं जायचं?

खरी अडचण हीच आहे आणि ती मी हलकी करणार नाही. फुटपाथ नाहीत, असले तर त्यावर गाड्या लावलेल्या, बस कधी येईल सांगता येत नाही. तरी आकडा बघा: डिझेलची जुनी बस लिटरला साडेतीन किमीच जाते असं धरलं आणि आत ४० माणसं असली तरी माणशी किमीला १९-२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो. कुठलीही कार, अगदी ईव्हीही, एकटा बसलेला असताना याच्या जवळपास येत नाही. आणि आता बसही बदलतायत, पुण्यात पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून आहेत, एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली होती आणि बरोबर त्याच तारखेला त्याच मार्गावर २०२२ मध्ये एसटीची पहिली इलेक्ट्रिक शिवाई सुटली. मुंबईकर तर १९२५ पासून, व्हीटी (आताचं सीएसएमटी)-कुर्ला मार्गावर विजेची लोकल सुरू झाली तेव्हापासून, विजेवरच प्रवास करतायत.

उपाय म्हणाल तर रोजचा हट्ट धरू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवा. घर ते मेट्रो सायकल किंवा शेअर रिक्षा, पुढे मेट्रो. वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट या पट्ट्यात ऑफिस असेल तर गर्दीच्या वेळी वेळही वाचतो. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. आणि एक किमीच्या आतलं दूध, भाजी, क्लास यासाठी गाडी काढूच नका, थंड इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल पितं आणि सगळ्यात घाण धूर सोडतं, गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेलेही असता.

ऑफिसात कारपूल सुरू केलं, पंधरा दिवसांत बंद पडलं. का?

बहुतेक वेळा पैशामुळे नाही, वेळेमुळे. सुरुवातीलाच ठरवा की गाडी पाच मिनिटांच्या वर थांबणार नाही, कोणालाही वाईट वाटून घ्यायचं नाही. संध्याकाळचं वेगळं ठेवा, कारण सकाळची वेळ सगळ्यांची सारखी असते, सुटायची नसते, तेव्हा सकाळी पूल आणि संध्याकाळी ज्याचं त्याने बस-मेट्रो, असं जास्त टिकतं. एकाच्याच गाडीवर भार नको, आठवडा वाटून घ्या. चारपेक्षा जास्त जण नकोत.

गणपतीत ईव्ही घेऊन कोकणात जाऊ का?

जा, पण तयारीने. चार्जर गाडीच्या रेंजच्या शेवटच्या टोकाला शोधू नका, ३०-४० टक्के असतानाच थांबा, म्हणजे तो बंद निघाला तर पुढच्यापर्यंत जाता येतं. ॲप दोन-तीन कंपन्यांची ठेवा, पैसे आधी भरून ठेवा, कारण घाटात नेटवर्क जातं. चार माणसं, सामान, एसी, पाऊस आणि चढ धरून कंपनीच्या रेंजच्या ६५-७० टक्केच मोजा. गावच्या घरी १५ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का ते आधी फोन करून विचारा, बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंगच नसतं आणि मग गाडी चार्जच घेत नाही. रांग असेल तेव्हा ८० टक्क्यांना काढून पुढच्याला जागा द्या, त्यानंतरचं चार्जिंग तसंही खूप हळू होतं, आणि गाडी लावून जेवायला जाणार असाल तर काचेवर फोन नंबर ठेवून जा.